बाबाको ही कसोटी नाही

ताई मंगळवारी सकाळी गेली. दुपारी तिला नेलं. बुधवारी शाळा भरली. तेरावं झालं आणि तिचा नववीचा भूमितीचा तास मी घेतला.

तसं पाहिलं तर तो तास आधीपासूनच अधूनमधून माझ्याकडे असे. ताईला हृदयाच्या झडपेचं दुखणं होतं. ती रजेवर गेली की पनवेलच्या त्या शाळेत मी तिच्या जागी शिकवायला जायची. मी बी.एस्सी., बी.एड. झालेली, लग्न न झालेली, वाचनालयातून पुस्तकं आणून खिडकीशी बसून वाचणारी धाकटी बहीण. एम.एस्सी.साठी पुण्याला जायचं माझ्या मनात होतं. रजा संपली की ताई शाळेत परत जायची आणि मी खिडकीशी. या वेळी रजा संपली नाही.

हेडसरांनी मला बोलावून घेतलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "मुलं तुम्हाला ओळखतात. एकरूपतेचा धडा अर्धा तुम्हीच शिकवलाय. नवीन माणूस आणायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही नाही म्हणू नका." मी नाही म्हटलं नाही. शिक्षकखोलीत मला ताईचीच खुर्ची मिळाली, ताईचंच कपाट मिळालं. वेळापत्रकावर तिच्या नावाची आद्याक्षरं होती. ती वर्ष संपेपर्यंत कोणी बदलली नाहीत. त्या चौकोनात मी आहे हे सगळ्यांना कळत होतंच.

कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात एक्स-रेच्या फिल्मचे कापलेले त्रिकोण होते. ओळखीच्या डॉक्टरांकडून ताई जुन्या फिल्म मागून आणायची, गरम पाण्यात सोडा टाकून त्या भिजत घालायची आणि वरचा काळा थर घासून काढायची. मग दोरीवर चिमटे लावून वाळत टाकायची. शेजारच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "आज कुणाची हाडं धुतलीस गं?" फिल्म निघाली की काचेसारखी आरपार दिसते. तिचे त्रिकोण कापून दोन मुलींच्या हातात द्यायचे आणि खिडकीच्या उजेडात एकावर एक धरायला सांगायचं. उलटे, तिरके, कसेही फिरवा. कडा कडांवर बसल्या, कोपरे कोपऱ्यांवर बसले, दोन त्रिकोणांचा एकच दिसू लागला, की ते एकरूप. पुस्तकात त्यासाठी एक वाक्य होतं. ताईकडे डबा होता.

शेवटच्या वर्षात तिचे स्वतःचेच एक्स-रे पुष्कळ झाले. त्यातला एक तिने सोड्यात टाकला. तो नीट निघाला नाही. एका त्रिकोणात बरगडीची फिकट रेघ राहिली. "राहू दे," ती म्हणाली, "मी रजेवर असले तरी माझ्या बरगड्या तास घेतील." आई तिच्यावर ओरडली. आम्ही दोघी हसलो.

तेराव्यानंतरच्या त्या तासाला मी डबा उघडला आणि त्रिकोण वाटले. पहिल्या बाकावर नेऱ्याकडून एस.टी.नं येणारी एक मुलगी बसायची. हुशार, आणि तोंडाने फटकळ. तिने त्रिकोण डोळ्यांसमोर धरून त्यातून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, आमच्या बाई पण असंच करायच्या."

"माहीत आहे मला."

"तुमी त्यांच्या कोण?"

मागून दुसरी म्हणाली, "गप गं, बहीण हाय त्यांची. तोंड बघ ना."

"तोंड नाय तसं," पहिली म्हणाली. "आवाज हाय तसा."

मी फळ्याकडे वळले. खिडकी उघडी होती. बंदराच्या रस्त्याला लागणारे कंटेनर खालून जात होते आणि त्यांची धूळ फळ्यापर्यंत येत होती. पण त्या वर्गात कोणी तरी मला ताईची बहीण म्हटलं होतं, आणि मला बरं वाटलं. बाकी सगळीकडे मी तोवर दुसरंच काही तरी व्हायला लागले होते.

ताईचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. घरात भाऊजी, ताईच्या सासूबाई आणि ताईची मुलगी. मुलगी सहा वर्षांची होती. ती आजीच्या हातून वेण्या घालून घेईना, तेव्हा सकाळी मी जाऊ लागले. मग डबा भरायला. मग संध्याकाळी अभ्यासाला. मग ती माझी ओढणी धरून झोपू लागली, म्हणून तिथेच राहू लागले. यातलं एकही काम मला कोणी सांगितलं नाही. प्रत्येक काम समोर आलं आणि करायला दुसरं कोणी नव्हतं.

शाळेत साडी नेसावी लागे. माझ्याकडे चार साड्या होत्या. आईने एक दिवस ताईच्या साड्यांचं गाठोडं सोडलं. ब्लाउज घालून पाहिले. जुने सगळे मला सैल होत होते, ते आईने आतून टाके घालून आवळले. शेवटच्या वर्षात शिवलेले तीन मात्र तसेच बसले, टाका न घालता. मी ताईसारखी झाले नव्हते. आजारात ती वाळत वाळत माझ्या मापाची झाली होती. आई ते तीन ब्लाउज हातात धरून म्हणाली, "हे बरं झालं. वाया नाही जायचे." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दिवाळीनंतर मी मुलीला घेऊन आईकडे आले होते, तेव्हा सासूबाई तिथे आल्या. आईशी बोलल्या, पण मला ऐकू जाईल अशा बेताने.

"विहीणबाई, आता बाहेरची कुठून आणू? बाहेरची आली तर पोरीचे हाल. तुमची ही आहे, घरचीच आहे. शिक्षण तेच, वळण तेच, शाळासुद्धा तीच. पोरीला लळा आहे. वर्षाच्या आत केलेलं बरं."

"तिला विचारते," आई म्हणाली.

"विचारा ना. आपण काय बांधून नेतोय?"

आईने विचारलं ते रात्रीची भाजी निवडता निवडता. "तुझं काय म्हणणं आहे?" विचारलं खरं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हटलं, "मला ताई आठवते."

"आम्हाला नाही का आठवत?" आई म्हणाली, आणि गवारीच्या शेंगा मोडू लागली.

यापुढे बोलणं गेलं नाही. पुण्याचा विषयही निघाला नाही. तो काढायला माझी जीभ उचलली नाही; समोरच्या खोलीत ती सहा वर्षांची मुलगी पाटीवर माझं चित्र काढत होती आणि मला मोठ्या मोठ्या वेण्या देत होती. भाऊजींचाही मला राग येत नव्हता. ते कारखान्यात हिशेबनीस होते, अबोल. एकदा त्यांनी मला ताईच्या नावाने हाक मारली आणि मी ओ दिली. त्यानंतर कितीतरी दिवस ते मला हाकच मारत नसत. "जरा पाणी" म्हणायचे, भिंतीकडे बघून.

मला कोणी कोंडलं नव्हतं. उलट सगळे माझ्याशी आधीपेक्षा मायेने वागत होते. माझ्यामुळे प्रत्येकाची जागा भरत होती. शाळेला बाई मिळाली होती. सासूबाईंना सून मिळणार होती, भाऊजींना बायको, मुलीला आई. माझ्या आईलासुद्धा, त्या घरात आपली मुलगी नांदते आहे, हे समाधान परत मिळणार होतं. माझी ताई गेली होती, तिची जागा कोण भरणार, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नव्हता. आणि मी एकदा तिच्या जागी बसले की ती गेली असं म्हणणारंही कोणी उरणार नव्हतं. लग्नाला हो म्हणायचं की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न राहिला नव्हता; तो सगळ्यांनी सोडवून ठेवला होता. मला एवढंच हवं होतं, की त्या घरात गेल्यावरही मी तिची धाकटी बहीण राहावं. ते कसं मागतात, मला माहीत नव्हतं.

लग्न माघात ठरलं. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालायची त्यांच्याकडे रीत होती. टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. सासूबाई म्हणाल्या, "पहिलीला मान दिल्यासारखं होतं. मग ती मागे लागत नाही, त्रास देत नाही."

ताईने मला जन्मभर त्रास दिला होता. माझ्या कंपासपेटीतली पेन्सिल तिने कधी टोक असलेली परत केली नाही. आता तिने मागे लागावं म्हणून मी काय दिलं नसतं!

सासूबाई, आई आणि मी बाजारपेठेतल्या सोनाराकडे गेलो. सोनाराने फडक्यावर दोन टाक ठेवले, एक लहान, एक मोठा. दोन्हींवर तीच बाई. गोल तोंड, टिंबांचे डोळे, दोन्ही हात सरळ खाली, डोक्यावर पदर.

आईने लहान टाक उचलून तळहातावर घेतला. बराच वेळ पाहिला.

"जरा सडपातळ नाही का होणार?" तिने विचारलं.

सोनार हसला. "आजी, ठसा एकच असतो. लहान-मोठा मिळेल. वजनाप्रमाणे."

"तिच्या हनुवटीवर व्रण होता. लहानपणी पायरीवर पडली होती."

"तसं नाही येत त्यात."

"आणि दुसऱ्यांच्या घरीसुद्धा हीच जाते?"

"हीच जाते. पनवेलमध्ये, उरणमध्ये, सगळीकडे हीच. नाव तुम्ही मनात घ्यायचं."

सासूबाई म्हणाल्या, "अहो विहीणबाई, देवाचे टाक तरी कुठे देवासारखे असतात?"

आई म्हणाली, "माझी मुलगी अशी नव्हती." मग ती सोनाराच्या गादीच्या काठावर बसली आणि रडली. ताई गेली त्या दिवसानंतर ती लोकांसमोर रडली नव्हती. सोनाराने पाणी आणवलं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि त्यांचेही डोळे भरले. मी उभी होते. मला वाटलं, आता आई म्हणेल, चला घरी, काही नको. आईने डोळे पुसले, पाण्याचा पेला परत दिला आणि म्हणाली, "लहानच द्या."

त्या आठवड्यात वर्गात कसोट्या चालल्या होत्या. दोन त्रिकोण एकरूप आहेत हे ठरवायला सगळी सहा मापं लागत नाहीत, नेमकी तीन पुरतात. तीन बाजू, म्हणजे बाबाबा. दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन, म्हणजे बाकोबा. दोन कोन आणि मधली बाजू, कोबाको. मुलींना ही नावं फार आवडायची. मधल्या सुट्टीत एकमेकींच्या पाठीत बुक्के घालत त्या "बाबाबा, बाकोबा" म्हणत पळायच्या. आणि दर वर्षी कोणी ना कोणी आपल्या मनाने चौथी कसोटी लिहायचंच: बाबाको. दोन बाजू आणि मधला नसलेला कोन.

ताई तेव्हा "चूक" असं लिहीत नसे. ती सांगायची, काढून बघा. मीही तेच केलं. एक बाजू सहा सेंटिमीटर. तिच्या एका टोकाशी तीस अंशांचा कोन. दुसऱ्या टोकापासून चार सेंटिमीटरची बाजू. सगळ्यांना एकच माप. फिल्मवर काढा आणि कापा.

दहा मिनिटांनी नेऱ्याची मुलगी शेजारणीशी भांडायला लागली.

"तुझा चुकलाय."

"माझा नाय, तुझाच चुकलाय. पट्टी लावून बघ."

"बाई, बघा ना! सहा हाय, चार हाय, तीस पण हाय. सगळं सारखं हाय, तरी बसत नाय!"

मी दोन्ही त्रिकोण घेतले आणि खिडकीशी धरले. एक लांबट होता, दुसरा आखूड, रुसल्यासारखा. मापं दोन्हींची बरोबर होती.

"कोणीच चुकलेलं नाही," मी म्हटलं. फळ्यावर मोठा कंपास लावून दाखवलं. चार सेंटिमीटरचा कंस काढला की तो खालच्या रेषेला दोन ठिकाणी छेदतो. हिने जवळचा बिंदू घेतला, तिने लांबचा. दिलेलं सगळं पाळूनही.

"मग खरा कुठला?" तिने विचारलं.

"दोन्ही खरे."

"मग कसोटी नाय ही."

"नाही. बाबाको ही कसोटी नाही."

"आमच्या बाई पण हेच म्हणाल्या असत्या," ती म्हणाली आणि आपला लांबट त्रिकोण जपून वहीत ठेवला.

मी तो फळा तास संपल्यावरही पुसला नाही. पुढचा तास हिंदीचा होता. हिंदीच्या सरांनी दारातून पाहिलं, म्हणाले, "काय बाई, आज फळा आम्हाला द्यायचा नाही वाटतं?" मी डस्टर उचललं. कंस पुसला. ते दोन बिंदू शेवटी पुसले.

लग्न माघात झालं, घरच्या घरी. ताईच्या शालूऐवजी मी साधी साडी नेसले. मंगळसूत्रात टाक ओवलेला होता. तो छातीच्या हाडाशी लागायचा, थंड. दुपारी जेवणं झाली, पाहुणे पांगले. सासूबाईंनी नातीला माझ्या मांडीवर बसवलं. माझी आई समोर होती. भाऊजी दाराशी उभे होते.

सासूबाई नातीला म्हणाल्या, "आजपासून मावशी नाही म्हणायचं हं. आई म्हणायचं. म्हण बघू."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिने तोंड उघडलं.

मी म्हटलं, "मावशीच म्हणेल ती."

आपल्याला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून सासूबाई हसल्या. "अगं, आता तूच तिची आई."

"तिची आई ताई आहे. मी वेण्या घालीन, डबा करीन, ती म्हणेल तोवर तिला जवळ घेऊन झोपेन. पण मी तिची मावशी आहे."

"लोक सावत्र म्हणतील तुला."

"म्हणू देत."

"हौस आहे होय गं तुला सावत्र म्हणवून घ्यायची? आणि शाळेत काय सांगेल पोर?"

"सांगेल, आई नाही, मावशी आहे. खरंच आहे ते."

आईने या वेळी माझ्याकडे पाहिलं.

भाऊजी दाराशी होते तिथूनच म्हणाले, "असू दे, आई. म्हणू दे मावशी." मग ते चपला घालून बाहेर गेले. आयुष्यात त्यांनी माझी बाजू घेतली ती अशी, पाठमोरी. मला ती पुरली.

त्यापलीकडे मी काही मागितलं नाही, आणि काही मिळालंही नाही. पुण्याला गेले नाही. ज्यांना भाऊजी म्हणत होते त्यांना "अहो" म्हणायला जीभ वळेना, म्हणून त्यांना मी कित्येक वर्षं कशानेच हाक मारली नाही. ते भिंतीकडे बघून पाणी मागत, मी भिंतीकडे बघून देत असे. पुढे कधी तरी भिंत सुटली. आम्ही एकमेकांशी चांगलेच वागलो. पण त्या घरात मी कधी एक पाट सरकवून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो आपोआप ताईने ठेवला होता तिथे गेलेला असे. कोणी मुद्दाम करत नव्हतं. घराला सवय होती. मीही हळूहळू तो तिथेच ठेवू लागले.

दहावीला समरूपता मी पुढची अनेक वर्षं शिकवली. मैदानात काठी रोवून, सावली मोजून ध्वजस्तंभाची उंची काढायची. दर वर्षी एखादी मुलगी कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बोट दाखवून विचारायची, "बाई, त्याची काढता येईल?" मी म्हणायची, "येईल. त्याची सावली कुठे पडते ते कळलं पाहिजे." वर्ग म्हणायचा, "मग जाऊ या ना!" आम्ही कधी गेलो नाही. नववीला मात्र बाबाको दर वर्षी काढून घेतला. तो पुस्तकात नव्हता. हळूहळू फिल्मचे त्रिकोण हरवत गेले, काही मुलींनी आठवण म्हणून नेले, आणि मी नवे केले नाहीत.

मुलगी मोठी झाली. लोकांनी तिला विचारलं, तिने सांगितलं. शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर आईचं नाव ताईचं राहिलं. तिच्या लग्नात गुरुजी म्हणाले, "आईने पुढे यावं," तेव्हा ती म्हणाली, "आई नाही. मावशी आहे." मांडवात थोडी कुजबुज झाली. मी पुढे गेले.

सासूबाई गेल्या, माझी आई गेली. नंतर तेही गेले. मंगळसूत्र उतरवलं तेव्हा टाकही उतरला. इतक्या वर्षांत अंगावर घासून त्यावरच्या बाईचे नाक-डोळे पुसले गेले आहेत.

बिस्किटांचा डबा माझ्याकडे आहे. त्यात टाक आहे आणि बरगडीची रेघ असलेला त्रिकोण आहे. ताईची मुलगी रविवारी फोन करते. ती मला मावशी म्हणते.